मधल्या इंजिनाची मोटार : शौकीन किती आणि गिऱ्हाईक किती?

स्पोर्ट्‌स मोटारीची चर्चा आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीच्या गॅरेजलाइनीत संध्याकाळी जाऊन बसा. कुठल्या तरी विलायती कंपनीची नवी गाडी मोबाईलवर दिसली की तिच्याभोवती पाच-सहा डोकी गोळा होतात. इंजिन कुठे बसवले आहे, शंभराचा वेग किती सेकंदांत गाठते, आवाज कसा निघतो, यावर वाद रंगतो. वाद घालणाऱ्यांपैकी एकाचाही ती गाडी घेण्याचा इरादा नसतो, ऐपतही नसते. त्यात वाईट काही नाही. कापडाच्या दुकानातही शालूची घडी उलगडली की चार भगिनी जवळ येतात, हात लावून पाहतात, भरपूर तारीफ करतात आणि परकराचे कापड फाडून घेऊन जातात. तारीफ करणारा आणि पैसे मोजणारा, हे दोन वेगळे इसम आहेत हे दुकानदाराला पहिल्या दोन वर्षांतच कळते. मोटारीच्या धंद्यात मोठमोठ्यांना ते फार महागात शिकावे लागले आहे.

आपल्या वस्त्यांत मोटारमिस्त्री, डेंटिंग-पेंटिंगवाले, वेल्डर, सीट कव्हर शिवणारे यांची संख्या मोठी आहे. हा विषय या पानावर घेण्याचे कारण तेच.

आधी इंजिनाची जागा समजून घेऊ. बहुतेक मोटारींचे इंजिन पुढे, बॉनेटखाली असते. ऑटोरिक्षाचे मागे असते. मधले इंजिन म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, दोन्ही आसांच्या आत बसवलेले इंजिन. स्पोर्ट्‌स गाडीत ते ड्रायव्हरच्या पाठीमागे असते. ही काही परीकथेतील वस्तू नव्हे. आपण सर्वांनी वापरलेली मारुती व्हॅन, म्हणजेच ओम्नी, याच जातीची. १९८४ मध्ये ती बाजारात आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. तिचे ७९६ सी.सी.चे इंजिन पुढच्या सीटखाली, पुढच्या आसाच्या मागे होते आणि ताकद मागच्या चाकांना जात होती. २०१० पासून निघालेल्या ईकोचीही ठेवण तीच. आठवडी बाजारांना कापडाचे गठ्ठे नेताना ओम्नीच्या सीटवर बसलेल्यांना मधल्या इंजिनाचा पहिला दोष कोणी सांगायला नको. मे महिन्यात खालून येणारी ऊब आणि रेक्झिनचा चटका सगळे सांगून जातो. म्हणून तर व्हॅनच्या सीटवर जाड सुती कापडाचे कव्हर चालायचे. तेल पाहायचे तर आधी ड्रायव्हरला उतरवून सीट उचलावी लागे.

मग ही जागा कशासाठी? हे हमालाला विचारा. गठ्ठे गाडीच्या शेपटाकडे रचले की पुढचे चाक हलके पडते आणि वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जातो. तेच वजन मध्ये आले की गाडी ऐकते. एक लाठी घ्या, तिच्या दोन्ही टोकांना दोन वजने बांधा आणि मनगटाने फिरवून पाहा. मग तीच वजने मुठीजवळ सरकवून पुन्हा फिरवा. दुसऱ्या खेपेला लाठी पटकन वळते आणि पटकन थांबते. मोटारीतील सर्वांत जड वस्तू इंजिन. ते मध्याजवळ आणले की गाडी वळणात चपळ होते, शिवाय मागच्या चाकांवर वजन राहिल्याने जोर लावताना चाके जागच्या जागी फिरत नाहीत. वेगाच्या शर्यतीत ही गोष्ट निकाली ठरली. १९५९ साली जॅक ब्रॅभम यांनी फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद कूपर कंपनीच्या मागे-मध्ये इंजिन असलेल्या गाडीवर मिळवले, आणि दोन-तीन वर्षांत पुढे इंजिन असलेल्या गाड्या त्या शर्यतीतून गेल्याच.

या फायद्याची किंमत मात्र मोजावी लागते. मागची सीट जाते, सामानाची जागा जाते. इंजिन थंड ठेवायला हवेचे मार्ग काढावे लागतात. गरमी आणि आवाज कानामागेच असतो. साध्या दुरुस्तीलाही अर्धी गाडी उघडावी लागते, म्हणजे मिस्त्रीचे तास वाढतात आणि बिल वाढते. दोन माणसे आणि एक बॅग, एवढाच तिचा संसार. घरात दुसरी-तिसरी गाडी असलेला माणूसच ती घेणार.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला लॅम्बोर्गिनी हे नाव ट्रॅक्टरशी जोडलेले आहे हे ऐकून गंमत वाटेल. इटलीच्या फेरुचिओ लॅम्बोर्गिनी यांनी १९४८ मध्ये ट्रॅक्टरचा कारखाना काढला, तो चालला, आणि त्या कमाईवर १९६३ मध्ये त्यांनी मोटारींचा कारखाना उभा केला. १९६६ साली आलेली त्यांची मिउरा ही ड्रायव्हरच्या पाठीमागे इंजिन असलेली गाडी जगभर गाजली. आधीच्या वर्षी तुरीनच्या प्रदर्शनात तिचा नुसता सांगाडा ठेवला होता, त्यावर अंगसुद्धा नव्हते, तरी लोकांनी मागणी नोंदवली! पण सगळ्या मिळून मिउरा साडेसातशेच्या आसपासच बनल्या. १९७३ साली ट्रॅक्टरचा धंदा दुसऱ्या कंपनीकडे गेला. मोटारींचा कारखानाही त्यांच्या हातातून गेला आणि नव्या मालकांच्या काळात १९७८ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. नाव टिकले, ते पुढे मोठ्या भांडवलवाल्यांच्या हाती गेल्यामुळे.

आता आपल्या राज्यातले उदाहरण. मुंबईचे दिलीप छाब्रिया हे मोटारीची घडण शिकायला अमेरिकेला गेले, परत येऊन त्यांनी गाड्यांच्या शृंगारसामग्रीपासून सुरुवात केली आणि ‘डीसी’ हे नाव घरोघर पोहोचवले. नटांच्या व्हॅनिटी व्हॅन, आतून दिवाणखान्यासारख्या सजवलेल्या गाड्या ही त्यांची मूळ रोजी. २००४ मधील ‘टार्झन : द वंडर कार’ या चित्रपटातील गाडी त्यांच्याच कारखान्यातली, आणि तिच्या खालचा सांगाडा टोयोटाच्या एमआर-२ या मधल्या इंजिनाच्या गाडीचा होता. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या मिस्त्रींपैकी अनेकांना या धंद्याची ओढ त्या जांभळ्या गाडीने लावली.

जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत छाब्रियांनी ‘अवंती’ मांडली. भारतात घडलेली, दोन माणसांची, मधल्या इंजिनाची स्पोर्ट्‌स गाडी. गर्दी हटत नव्हती. २०१४ च्या एक्स्पोत विक्रीचे रूप दाखवले गेले. इंजिन रेनॉ कंपनीचे, २ लिटरचे टर्बो, सुमारे २५० अश्वशक्तीचे. गिऱ्हाइकापर्यंत पोहोचेपर्यंत किंमत ३५ लाखांच्या पुढे गेली. एका कारागिराच्या हिकमतीचा हा मोठा पराक्रम होता आणि त्याची दाद दिलीच पाहिजे. इंजिन मध्ये बसवून, त्याला नियमांत बसवून, नंबर प्लेट लावून रस्त्यावर आणणे म्हणजे प्रदर्शनासाठी एक नग सजवणे नव्हे.

पण गिऱ्हाईक काय विचारते? तितक्या पैशांत त्या वेळी जर्मन कंपन्यांची चार दारांची, मानाची गाडी मिळत होती. तिचे शोरूम संभाजीनगरात किंवा नागपुरात असते, पार्ट मिळतो, पाच वर्षांनी विकायला काढली तर घेणारा सापडतो. अवंतीचा पुढचा दिवा फुटला तर तो कोण देणार? मोजक्याच गाड्या रस्त्यावर आल्या आणि उत्पादन बंद पडले. डिसेंबर २०२० मध्ये छाब्रिया यांना मुंबई पोलिसांनी अटक केली. एकाच गाडीची वेगवेगळ्या ठिकाणी नोंदणी करून तिच्यावर अनेक कर्जे उचलल्याचा तो आरोप होता. आरोप म्हणजे निकाल नव्हे, आणि निकाल देणे आपले काम नाही. व्यापाऱ्याने पाहायचे ते एवढेच, की प्रदर्शनातली गर्दी कारखान्याचा पगार भागवत नाही.

हे का होते, ते कापडवाल्याला लवकर कळेल. जकार्ड मागावर नवे डिझाइन चढवायचे तर नक्षी काढणे, कार्ड पाडणे, ताणा भरणे हा खर्च आधी होतो. मग त्या डिझाइनच्या दहा साड्या विणा की हजार, तो खर्च तेवढाच. मोटारीतही साचे, चाचण्या आणि मंजुरीचा खर्च पहिल्या गाडीआधीच होतो. समजा तो १ कोटी आहे. १००० गाड्या खपल्या तर गाडीमागे १० हजार पडतात, १० खपल्या तर १० लाख. किंमत वाढली की गिऱ्हाईक आणखी घटते, गिऱ्हाईक घटले की किंमत आणखी वाढते. या चक्रातून सुटायला मागे दुसऱ्या मालाची मोठी विक्री लागते. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९५३ पासून पुढे इंजिन ठेवलेली आपली कॉर्व्हेट २०१९ मध्ये मधल्या इंजिनाची करून दाखवली, आणि ती वर्षाला हजारोंनी खपते. पण तिच्या पाठीशी गावोगावचे डीलर, पार्टचे गोदाम आणि लाखो ट्रकांची विक्री आहे.

टाटांचेही उदाहरण घ्या. मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात त्यांनी ‘रेसमो’ दाखवली. दोन माणसांची, मधल्या इंजिनाची, १.२ लिटर टर्बो, १९० अश्वशक्ती. शौकिनांनी डोक्यावर घेतली. ती विक्रीला कधी आलीच नाही. त्याच वर्षी पुण्याजवळच्या रांजणगावातून टाटांची नेक्सॉन बाहेर पडली, आणि आज हिंगोलीच्या हळदीच्या बाजारात उभी असलेली गाडी नेक्सॉन आहे. शौकीन मंडळी याला भित्रेपणा म्हणतात. माझ्या मते दुकान सांभाळणाऱ्याने घ्यावा तसा तो निर्णय होता.

ही चर्चा आपल्या गल्लीपर्यंत कशी येते पाहा. वसमतकडच्या एका तरुण डेंटिंगवाल्याकडे गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक आले. जुन्या छोट्या गाडीचे अंग काढून त्यावर फायबरचे स्पोर्ट्‌स गाडीचे अंग चढवायचे, ४० हजार बयाणा रोख. पोराचा हात खरोखर चांगला आहे, त्याला उमेद आली. माझ्याकडे कापडाच्या कामाने आला तेव्हा त्याने हिशेब दाखवला. रेझिन, मॅट, रंग, सगळे मांडले होते. साच्याचा खर्च मांडला नव्हता. स्वतःची आणि धाकट्या भावाची दोन महिन्यांची मजुरी मांडली नव्हती, आणि त्या दोन महिन्यांत रोजचे डेंटिंगचे गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजला जाणार होते तेही नाही. अशी दुसरी गाडी करायला कोण येणार, असे विचारल्यावर तो म्हणाला, “चाचा, बघायला तर सगळे येतात.”

त्याहून मोठी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील मूळ उत्पादकाच्या तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे. मंजूर सी.एन.जी. किट बसवून आर.टी.ओ.कडे नोंद करणे चालते. अपंगांसाठी केलेल्या बदलालाही वाट आहे. पण अंग बदलणे, सांगाडा कापणे, इंजिनाची जागा बदलणे चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. नवी गाडी म्हणून विकायची तर पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेची चाचणी आणि मंजुरी लागते. तो खर्च छाब्रियांनी केला होता, गल्लीतील गॅरेजला तो झेपणार नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी बदललेल्या गाडीचा दावा नाकारायला कारण शोधेल, आणि मग मालक बोट मिस्त्रीकडेच दाखवेल. बयाणा म्हणजे गिऱ्हाइकाची अमानत. जे काम कागदावर बसत नाही त्याचा बयाणा ठेवून घेऊ नये. पोराने तो परत केला. गिऱ्हाईक काही दिवस त्याच्याशी बोलत नव्हते.

शौकातून रोजी निघत नाही असे नाही. सीट कव्हर, आतील अस्तर, डेंट काढून मूळ रंगाशी जुळवून मारलेला रंग, ईकोच्या सीटखाली उष्णता अडवणारा थर, या कामांना पैसे मोजणारे गिऱ्हाईक एम.एच. ३८ च्या प्रत्येक रस्त्यावर आहे. फायबरच्या कामात हात असेल तर पाण्याच्या टाक्या आणि शेतीच्या फवारणी यंत्रांची झाकणे यांकडे पाहावे. तिथे साचा एकदा केला की शंभर नग निघतात.

राहता राहिले जुनी शौकाची गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेणारे. सौद्याआधी परिवहन खात्याच्या वेबसाइटवर नंबर टाकून नोंद पाहावी. कर्जाचा बोजा दिसला तर कर्ज देणाऱ्या बँकेचे ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. गाडी दुसऱ्या राज्यातील असेल तर तिथल्या आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्र वेगळे लागते. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासावी आणि ती छाप नोंदणी पुस्तकाशी अंकन्‌अंक जुळवावी. एकही अंक खोडलेला किंवा पुन्हा कोरलेला वाटला तर इसार देऊ नये, गाडी कितीही देखणी असो.