समुद्रावरचा परवाना

सोलापुरात समुद्र नाही. पण माझे वडील यंत्रमागावर जे टॉवेल विणतात ते बंदरातूनच परदेशी जातात. म्हणून इतिहासाच्या तासाला 'कार्ताझ' हा शब्द ऐकून मी थबकलो. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावरच्या जहाजांना हा परवाना घ्यायला लावीत. तो नसेल तर जहाज मालासकट जप्त! शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणला सिंधुदुर्ग बांधायला घेतला तो केवळ किल्ल्याच्या हौसेने नव्हे. पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचेच दस्तक सुरू केले. इंग्रजांनी ते मानले नाहीत. जहाजे पकडली गेली, तेव्हा ते कान्होजींना चाचा म्हणू लागले. पोर्तुगीजांनी दिला तर परवाना, आंग्र्यांनी दिला तर लूट! १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांसह कुलाब्यावर चालून आलेले इंग्रज हात हलवीत परतले. मात्र १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा इंग्रजांच्या जोडीला पेशव्यांची फौज होती. (तुळाजी पेशव्यांना जुमानीत नसे, हेही खरे.)

हे सांगितले तेव्हा वडिलांनी माग थांबवून विचारले, "मग पुढं परवाना कुणाचा?"

"इंग्रजांचा," मी म्हणालो.