प्रश्न नेमका कोणता गेला?

पुण्यात नेटवर्क सांभाळता सांभाळता ‘डिग’ ही कमांड माझ्या हातात बसली. नावाचा पत्ता शोधून देणारं हे छोटं साधन. त्याने शिकवलेलं थोडंसं.

१. ‘सापडलं नाही’ याचेही प्रकार असतात. ‘एनएक्सडोमेन’ म्हणजे असं नावच नाही. ‘सर्व्हफेल’ म्हणजे नाव असेलही, पण सर्व्हरला उत्तर काढता आलं नाही. ‘+सीडी’ लावून सह्यांची पडताळणी टाळल्यावर उत्तर आलं, तर बहुधा डीएनएससेकच्या सह्यांत गडबड आहे. ‘नोएरर’ आणि खाली शून्य उत्तरं, म्हणजे नाव आहे, मागितलेली नोंद नाही. टाइमआउट म्हणजे कुणी बोललंच नाही. फोनवरची तक्रार मात्र एकच: ‘साइट उघडत नाही.’

२. उत्तराइतकंच उत्तर देणारा कोण, हे महत्त्वाचं. ते शेवटच्या ओळींत लिहिलेलं असतं. तिथे १२७.०.०.५३ दिसलं, की ओळखायचं, आपल्याच यंत्रातल्या मध्यस्थाने उत्तर दिलंय. मग ‘@’ लावून मी थेट त्या डोमेनच्या नेमसर्व्हरला विचारते. हिंजवडीच्या ऑफिसात सापडणारं नाव कोथरूडच्या घरी सापडत नाही, याचं आता नवल वाटत नाही; उत्तर देणारा वेगळा असतो.

३. डिग आणि ब्राउझर दोघंही खरं बोलत असून उत्तरं जुळत नाहीत, असं होतं. डिग यंत्रातली होस्ट्स फाइल बघत नाही, ब्राउझर सहसा तिचा मान राखतो. अशा वेळी ‘गेटेंट होस्ट्स’ चालवून पाहिलं की कोडं सुटतं.

४. कधी कधी थांबणं हाच उपाय असतो. तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर टीटीएलचा, म्हणजे उत्तराच्या मुदतीचा आकडा उतरत असेल, तर उत्तर साठवणीतलं आहे; मुदत संपेपर्यंत थांबायचं. नकारही साठवला जातो, हे मला सगळ्यात विलक्षण वाटलं.

५. आपण टाइप केलं तेच पुढे गेलं, असं धरून चालू नये. २७ ऑगस्ट २०१४ला देवनागरी ‘.भारत’ आलं, त्याच्या नियमांमागे आपल्या पुण्याच्या सी-डॅकचेही कष्ट आहेत. डीएनएसमध्ये मात्र ते ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ म्हणून नोंदलेलं आहे. डिगच्या बांधणीत आयडीएनची, म्हणजे अशा लिप्यांतल्या नावांची सोय नसेल, तर प्रश्नाच्या ओळीत ‘भ’च्या जागी \२२४\१६४\१७३ दिसतं आणि खरंखुरं नाव ‘नाही’ ठरतं.

६. डोळ्यांना एक दिसणारी दोन नावं यंत्राला वेगळी असतात. ‘किनाऱ्यावर’मधला ऱ्य काहीजण ‘ऱ’ घेऊन लिहितात, काहीजण साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. दोन्हींचं ‘एक्सएन’ रूप निराळं. मराठी माणसाला त्याच्या लिपीतलं नाव बिनचूक सापडलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून अशा तक्रारीत मी स्क्रीनशॉटवर भागवत नाही. नाव कॉपी करून जसंच्या तसं पाठवायला सांगते.