येऊन गेलेला झटका

दुखणे बरे झाले म्हणून आभार मानणारी पत्रे या सदराकडे नेहमी येतात, आणि त्यांचे मोल मी जाणतो. परंतु एखादे दुखणे वेळेवर ओळखले गेले आणि त्यापुढचा अनर्थ टळला, एवढ्याचसाठी कृतज्ञता व्यक्त करणारे पत्र क्वचितच हाती पडते, कारण जे अरिष्ट आलेच नाही त्याचे स्मरण ठेवणे मनुष्यस्वभावाला अवघड जाते. असे एक पत्र नुकतेच एका मातेकडून आले. तिच्या आठ वर्षांच्या कन्येला मेंदूच्या रक्तवाहिन्या हळूहळू बुजवीत नेणारा मोयामोया नावाचा दुर्मिळ रोग असल्याचे निदान झाले, तेव्हा मुलीच्या मेंदूचा कोणताही भाग कायमचा निकामी झालेला नव्हता. आणि तिच्यावर उपचार करणाऱ्या अनेकांपैकी मी केवळ एक असताना, त्या माउलीने सारे श्रेय माझ्या पदरात टाकले आहे. त्या श्रेयाचे खरे मानकरी कोण आहेत हे वाचकांना कळावे, आणि त्यांनी जे केले ते कोणत्याही घरात करता येण्यासारखे आहे हेही ध्यानात यावे, म्हणून तिच्या अनुमतीने, नावगाव गाळून, ही हकीकत येथे देतो.

मुलगी मे महिन्याच्या सुटीत आजोळी गेली होती. पाणी तापवायच्या चुलीत लाकडे धुमसत होती, पेट घेत नव्हती, म्हणून तिने हौसेने फुंकणी हाती घेतली आणि दम लागेपर्यंत फुंकत राहिली. थोड्याच वेळात फुंकणी तिच्या उजव्या हातातून गळून पडली, ती उचलायला गेली तर बोटे मिटेनात, आणि काय झाले म्हणून मामीने विचारले तेव्हा तिच्या तोंडून शब्द जड आणि अर्धवट उमटू लागले. दहा-पंधरा मिनिटांत सारे पूर्ववत झाले. आजीने मायेपोटी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मामीने मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरचे जुने पान फाडून त्याच्या पाठीवर तारीख, वेळ, कोणता हात, बोलणे किती वेळ अडखळले आणि त्याआधी मुलगी काय करीत होती, एवढा मजकूर लिहून ठेवला. पुढे पावसाळ्यात, धाकट्या भावाशी भांडण होऊन ती हुंदके देऊन रडत असताना तोच हात पुन्हा लुळा पडला, तेव्हा आईला त्या कागदाची आठवण झाली. तो मागवून घेऊन, दोन्ही प्रसंगांच्या तपशिलासह, ती मुलीला तालुक्याच्या गावी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी तपासले त्या वेळी मुलगी ठणठणीत होती. पकड घट्ट, चाल नीट, वाणी स्पष्ट. रडून थकली असेल, अशक्तपणा असेल, असे सांगून टॉनिकची बाटली लिहून देणे अगदी सोपे होते. त्यांनी तो कागद वाचला आणि एकच प्रश्न विचारला: "हात गेला म्हणून घाबरून ती रडू लागली, की रडता रडता हात गेला?" उत्तर ऐकल्यावर त्यांनी मेंदूविकारतज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी लिहिली, आणि तीत नमूद केले की, आकडी वाटत नाही, श्वास जोराने चालल्यावर दुर्बलता येते, तरी मेंदूच्या रक्तवाहिन्यांसह एमआरआय व्हावा. माझ्या मते या सबंध प्रकरणात बुद्धीचे सर्वांत मोठे काम त्या चिठ्ठीत झाले. पुढे मोठ्या इस्पितळात आम्ही जे केले ते उत्तम यंत्रांच्या साहाय्याने आणि कशाचा शोध घ्यायचा हे ठाऊक असताना केले.

आता या रोगाविषयी. मानेतून दोन्ही बाजूंनी वर जाणाऱ्या ज्या मोठ्या धमन्या मेंदूला रक्त पुरवतात, त्यांचे कवटीच्या आतले, टोकाकडचे भाग या रोगात आतून जाड होत जाऊन वर्षानुवर्षे अरुंद होत राहतात. वृद्धांच्या पक्षाघातात धमनीत चरबीचा जो थर साचतो त्याचा येथे संबंध नसतो, आणि म्हणूनच रक्तदाब वा मधुमेह ठाऊकही नसलेल्या बालकाला तो गाठू शकतो. मुख्य मार्ग आकसू लागला की मेंदूच्या तळाशी केसासारख्या बारीक वाहिन्या वाढून रक्त पोहोचविण्याची पर्यायी तजवीज करू लागतात, आणि अँजिओग्राफीत हे जाळे धुराच्या लोटासारखे दिसते म्हणून १९६९ साली सुझुकी आणि ताकाकू या जपानी डॉक्टरांनी रोगाला त्यांच्या भाषेतले हे नाव दिले. अशा रुग्णाचे पहिले वर्णन त्याआधी, १९५७ साली, जपानातच ताकेउची आणि शिमिझु यांनी केले होते. या धमन्यांची वाढ जन्मतःच खुंटलेली असावी असे त्यांनी तेव्हा मानले होते. जपान व कोरियात हा रोग अधिक आढळतो, तरी आपल्या देशातही त्याचे रुग्ण आहेत. स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट असते. तो विशेषेकरून दोन वयांत डोके वर काढतो: एकदा पाच ते दहा वर्षांच्या सुमारास, आणि पुन्हा चाळिशीच्या आसपास. मुलांत बहुधा रक्त कमी पडल्याने हातपाय लुळे पडतात. मोठ्यांत त्याखेरीज ते नाजूक जाळे फुटून मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो.

फुंकणीचा आणि हात लुळा पडण्याचा संबंध काय, हे वाचकांनी नीट समजून घ्यावे अशी माझी इच्छा आहे. आपण जोरजोराने श्वास सोडू लागलो की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वायू कमी होतो, आणि तो कमी झाला की मेंदूतल्या वाहिन्या आकुंचन पावतात. निरोगी मनुष्याला त्यामुळे फार तर किंचित भोवळ येते. परंतु ज्याच्या मेंदूतल्या वाहिन्या अपुऱ्या रक्तावर निभावून नेण्यासाठी आधीच शक्य तितक्या रुंदावलेल्या आहेत, त्याची शिल्लकच संपलेली असते, आणि तेवढ्याशा आकुंचनानेही मेंदूचा एखादा भाग काही मिनिटे उपाशी राहतो. जपानी डॉक्टरांनी हेच आपल्या बालरुग्णांत टिपून ठेवले होते: गरम शेवया फुंकून खाताना, शाळेत तोंडाने वाजवायचे वाद्य वाजवताना, किंवा रडताना मुलांचा हात वा पाय लुळा पडे. मामीच्या त्या कागदाची जात हीच होती, आणि म्हणूनच मी तिला त्या थोर निरीक्षकांच्या पंक्तीत बसवतो.

या रोगाच्या निदानाला विलंब होतो तो त्याच्या येऊन-जाण्याच्या स्वभावामुळे. हात पाच मिनिटांत परत आला की घर सुटकेचा निःश्वास टाकते आणि ती गोष्ट दुसऱ्या दिवशी विसरली जाते. मी कळकळीने सांगतो की, आपोआप बरी झालेली दुर्बलता ही बरी न झालेल्या दुर्बलतेइतकीच तातडीची आहे. मेंदूने दिलेली ती आगाऊ नोटीस असते, आणि पुढच्या खेपेस मुदत मिळेलच असा भरवसा नाही. कधी हा प्रकार आकडी म्हणून, कधी अर्धशिशी म्हणून, कधी शाळा चुकवण्याचे सोंग म्हणून दप्तरी दाखल होतो. एकाच बाजूचा हात, पाय किंवा चेहरा वारंवार लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अथवा रडणे, धावणे, फुगा फुगवणे यांपाठोपाठ असे काही होणे, ही लक्षणे सोंग मानण्यापूर्वी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय व्हायलाच हवा, असा आग्रह पालकांनी धरावा. गरज भासल्यास तज्ज्ञ जांघेतून वा मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी करतात. डाउन सिंड्रोम असलेल्या, किंवा डोक्याला किरणोपचार झालेल्या मुलांत धमन्या अशाच रीतीने आकसू शकतात. सिकलसेलच्या मुलांतही हे घडते, आणि विदर्भात व नंदुरबारकडे तो आजार असलेली कुटुंबे पुष्कळ असल्याने, अशा मुलांच्या मेंदूतील रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी कधी करावी हे तेथील पालकांनी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

झटका चालू असताना काय करावे? वेळ पाहून ठेवावी, कारण मनुष्य शेवटचा धडधाकट केव्हा दिसला होता हा पहिला प्रश्न इस्पितळात विचारला जातो. मोठ्यांच्या सामान्य पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. तोंडाने पाणी, चहा, औषध काहीही देऊ नये, आणि रक्तदाब उतरविण्याची घरातली गोळी तर कदापि देऊ नये, कारण रक्तदाब एकाएकी उतरला तर मेंदूला पोहोचणारे रक्त आणखी घटते. मूल रडत असेल तर कुशीत घेऊन त्याला शांत करावे. या रोगात तोही एक उपचारच आहे.

बुजलेल्या धमन्या मोकळ्या करणारे औषध आजमितीस नाही. अॅस्पिरिन दिले जाते, ते गुठळी होऊ नये म्हणून, आणि मुलांना ते स्वतःच्या बुद्धीने कधीच देऊ नये. खरा इलाज शस्त्रक्रियेचा आहे. कानापुढे बोट ठेवले असता जिची नाडी लागते, ती टाळूकडे जाणारी धमनी सोडवून घेऊन, कवटीला खिडकी पाडून, मेंदूच्या पृष्ठभागावरील वाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात; दोन्ही वाहिन्या जेमतेम मिलिमीटरभर रुंद असतात. हा जोड यासारगिल यांनी १९६७ साली झुरिकमध्ये प्रथम यशस्वी करून दाखविला, आणि पुढे तो या रोगासाठी वरदान ठरला. लहान मुलांत वाहिनी जोडण्याऐवजी ती धमनी मेंदूवर नुसती बसवून ठेवली तरी काही महिन्यांत तिच्यातून नव्या वाहिन्या फुटतात. रक्तस्राव झालेल्या प्रौढांतही असा जोड दिल्याने पुन्हा रक्तस्राव होण्याचे प्रमाण घटते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात दिसून आले. बंगळुरूची निम्हान्स आणि त्रिवेंद्रमची श्री चित्रा तिरुनाल संस्था यांसारख्या ठिकाणी हे काम होते. खर्चाची विवंचना असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते याची चौकशी इस्पितळातल्या आरोग्यमित्राकडे प्रथम करावी, आणि केवळ त्या धास्तीने तपासणी लांबवू नये.

पत्रातल्या मुलीच्या डाव्या बाजूच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आहे, उजवी बाजू नजरेखाली आहे. तिच्या आईने विचारले आहे की आता घरी काय सांभाळायचे. मुलीला पाणी भरपूर प्यायला द्यावे; ताप, जुलाब, उलटी यांत शरीर सुकू देऊ नये, आणि तोंडाने पाणी टिकत नसेल तर सलाइनसाठी इस्पितळात न्यावे. निर्जळी उपवास तिला करू देऊ नये, घरच्या रिवाजाला त्यात अपवाद करावा. फुगे, बासरी आणि फुंकणी तूर्त वर्ज्य. कुटुंबात हा रोग असण्याची उदाहरणे जपानात सुमारे १० ते १५ टक्के आढळतात, आणि २०११ साली त्याच्याशी निगडित असे आरएनएफ२१३ हे जनुकही सापडले आहे. म्हणून धाकट्या भावाला कधी डोकेदुखी किंवा हातापायाची क्षणिक दुर्बलता जाणवल्यास त्याचाही एमआरआय करून घ्यावा, आणि तसे काही नसले तरी तपासणीविषयी तज्ज्ञांशी मसलत करावी. तिचे सर्व कागद, विशेषतः पहिला आणि अलीकडचा एमआरआय, एका फाइलीत ठेवावे, आणि पुढे कोणतीही शस्त्रक्रिया करायची झाल्यास, मग ती टॉन्सिलची असो वा दात काढण्याची, भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाती ती फाइल आधी द्यावी.