मीठ कमी, रुचि कायम

पावसाळा तोंडावर आला कीं शिवडी-लालबागच्या घरांत सुके बोंबील, जवळा व खारे बांगडे यांचे डबे भरले जातात. कारण त्या दिवसांत मासेमारी बंद असते. परंतु घरांतील आजोबांना रक्तदाबाचा विकार जडला, कीं डॉक्टर प्रथम खारा बांगडा बंद करावयास सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ मनुष्यानें दिवसास ५ ग्रॅमपेक्षां कमी मीठ खावें. मग सुकी मासळी कायमची वर्ज्य करावी काय?

प्रथम मिठाचें कार्य पाहूं. तें मांसांतील पाणी ओढून घेऊन कुजविणाऱ्या जंतूंस आवरतें आणि जिभेस रुचि देतें. बांगडा जाड व तेलकट असतो. आंतपर्यंत सुकण्यापूर्वीच तो कुजूं लागतो, म्हणून त्यास मीठ हवें. बोंबील मऊ व पातळ. वेसावें, उत्तन येथील कोळी बांधव दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते उंच दोऱ्यांवर मोकळ्या वाऱ्यांत टांगतात. ते झपाट्यानें सुकतात. बहुधा मीठ लावावेंच लागत नाहीं.

रुचीचेंही तसेंच आहे. १९०८ सालीं जपानी शास्त्रज्ञ इकेदा यांनीं ग्लुटामिक आम्लाची चव ओळखली. १९१३ सालीं त्यांचे शिष्य कोदामा यांस सुक्या माशांत रुचि देणारें इनोसिनिक आम्ल आढळलें. मासा मेल्यावर थोड्याच वेळांत हें द्रव्य तयार होतें. पण सुकविण्यास दिरंगाई झाली तर त्याचा ऱ्हास होऊन कडवटपणा येतो. म्हणून ताजी मासळी घेऊन ती लवकर सुकविणें हाच खरा उपाय. कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनें यासाठीं सूर्याच्या उष्णतेवर चालणारीं बंदिस्त वाळवणयंत्रें तयार केलीं आहेत. त्यांत धूळ व माशा यांचा उपद्रव होत नाहीं.

मिठाऐवजीं कांहीं अंशीं पोटॅशियम क्लोराइडही वापरतात. परंतु तें अधिक झाल्यास कडू लागतें, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांस अपायकारक ठरूं शकतें. डॉक्टरांस विचारल्यावांचून तें घेऊं नये.

घरींही पुष्कळ करतां येतें. खारा बांगडा पाण्यांत भिजवून तें पाणी टाकून द्यावें, म्हणजे बरेंच मीठ निघून जातें. बोंबील तव्यावर खमंग भाजावे. कालवणांत टोमॅटो घालावा; त्यांतील ग्लुटामिक आम्ल व मासळींतील इनोसिनिक आम्ल एकत्र आलीं कीं चव कित्येक पटींनीं वाढते. आमसुलाच्या आंबटपणानें मिठाची उणीव फारशी भासत नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, आजोबांच्या पानांतून मीठ कमी करणें आवश्यक असेल; पण त्याबरोबर त्यांच्या जेवणांतील आनंदही काढून घेण्याचें कारण नाहीं.