ओझोन करार आणि समान मताधिकार

फ्रिजमधील क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंनी ओझोनचा थर विरळ होऊ लागला, म्हणून १९८७ साली मॉन्ट्रियल येथे राष्ट्रांनी करार केला. हे वायू प्रामुख्याने वापरले श्रीमंत राष्ट्रांनी; मग पर्यायी तंत्रज्ञानाचा भुर्दंड गरिबांनी का सोसावा, हा भारताचा व चीनचा सवाल आम्हांस रास्तच वाटतो. १९९० च्या लंडन बैठकीत त्यासाठी निधी मान्य झाला. भारत १९९२ साली करारात आला.

निधीच्या कार्यकारी समितीत विकसित राष्ट्रांचे सात व विकसनशील राष्ट्रांचे सात सदस्य असतात. एकमत न झाल्यास दोन-तृतीयांश मते लागतात, शिवाय दोन्ही गटांत स्वतंत्र बहुमतही लागते. जागतिक बँकेत मात्र भागभांडवलावर मताचे वजन ठरते! विद्यार्थ्यांनी हा फरक अवश्य ध्यानात घ्यावा. विकसनशील राष्ट्रांना या वायूंसाठी २०१० पर्यंत मुदत मिळाली होती.