प्रशिक्षणानंतर मुख्याध्यापक वर्गात जातात का?



या अंकात शाळाप्रमुखांच्या प्रशिक्षणाविषयी थोडा विचार करू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांप्रमाणे मुख्याध्यापकांसाठीही दरवर्षी ५० तासांचे प्रशिक्षण सुचवले आहे. हे ५० तास आदिवासी मुलांपर्यंत पोहोचतात का, हा आपला प्रश्न आहे.

आश्रमशाळांमध्ये काम करताना एक गोष्ट मी वारंवार पाहते. प्रशिक्षणाहून परतल्यावर मुख्याध्यापकांचे दप्तर लवकर सुधारते. नोंदवह्या पूर्ण होतात, भिंतीवर तक्ते लागतात. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना हा बदल लगेच दिसतो. वर्गातला बदल मात्र मागे राहतो. धान्याचा साठा, वसतिगृहातले आजारी मूल, ऑनलाइन माहिती यांतच मुख्याध्यापकांचा दिवस संपतो.

न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याविषयीच्या अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले. शाळाप्रमुख शिक्षकांच्या शिकण्याला चालना देतात आणि स्वतःही त्यात सहभागी होतात, तेव्हा मुलांच्या शिकण्यावर सर्वाधिक परिणाम होतो, असे त्यांना आढळले. म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षणाला नुसते पाठवणे पुरेसे नाही. सरांनी त्यांच्या शेजारी बसून शिकले पाहिजे.

सातपुड्यातील एका शाळेत याचा प्रत्यय आला. प्रशिक्षणानंतर तिथल्या सरांनी एकच नेम धरला: आठवड्यातून दोनदा पहिलीच्या वर्गात मागे बसायचे आणि आज किती मुले बोलली, एवढेच मोजायचे. बरीच मुले गप्प असत. घरी पावरी बोलणाऱ्या मुलांना पुस्तकातली मराठी कळत नव्हती. शिक्षक मात्र त्यांना 'मंद' समजत होते. शनिवारच्या बैठकीत सर व शिक्षक एकत्र बसले. स्वयंपाकघरातल्या पावरी बोलणाऱ्या मावशींकडून त्यांनी रोजच्या वस्तूंचे शब्द लिहून घेतले. सरांनीही ते पाठ केले. काही आठवड्यांत मुले चित्र पाहून बोलू लागली. वाचन अजून दूर आहे, पण गप्प बसणारे मूल आधी शाळेतून मनाने जाते, मग पायाने. तिथे ते थांबले, हे थोडके नाही.

यावरून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात:

१. प्रशिक्षणातून परतताना दहा संकल्प नकोत. वर्गाशी जोडलेले एकच काम ठरवावे.
२. महिन्याभराने कोणीतरी शाळेत येऊन ते काम पाहावे. फाइल नव्हे, वर्ग पाहावा.
३. मुख्याध्यापकांचे काही कागदी काम अधीक्षक व लिपिक यांनी वाटून घ्यावे. वेळ मोकळा झाल्याशिवाय सर वर्गात जाणार नाहीत.

चर्चेसाठी प्रश्न: आपल्या शाळेचे मुख्याध्यापक गेल्या आठवड्यात किती तास वर्गात होते? पहिलीतले कोणते मूल अजून एकदाही बोललेले नाही? शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील बैठकीत हे दोन प्रश्न जरूर विचारा.