गाडीच्या इंजिनाचा ताप दाखविणारें जोड-मापक

बैलास ताप आला म्हणजे तो वैरण सोडतो, कान पाडतो, आणि धन्यास तें त्याच दिवशीं कळतें. इंजिनाचें तसें नाहीं. तें तापूं लागलें तरी बराच वेळ पूर्ववत् चालत राहतें. बोनेटखालून वाफ निघेपर्यंत कधीं कधीं हेडची गॅस्केट जळालेली व हेड वांकलेलें असतें. हल्लीं पुष्कळ बागाईतदारांच्या दारांत कर्ज काढून घेतलेली पिकअप उभी असते. सबब या मापकाची माहिती देणें इष्ट वाटतें.

समोर काटा आहे, मग निराळें मापक कशास, असें कोणी विचारील. पुष्कळ गाड्यांत तो काटा ठराविक मर्यादेंत मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. पाणी ८५ अंशांवर असो वा १०० अंशांवर, तो हालत नाहीं. चालकानें उगीच घाबरूं नये म्हणून कारखानदारांनीं केलेली ही सोय! कित्येक गाड्यांत तर काटा नसून नुसता तांबडा दिवा असतो.

स्टिअरिंगखालीं, गुडघ्यापाशीं, १६ खांचांचें एक सॉकेट असतें. अमेरिकेंत १९९६ सालच्या गाड्यांपासून तें सक्तीचें झालें. आपल्याकडे भारत ४ मानकाच्या गाड्यांस या पद्धतीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून व दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. त्यांत मापकाची पिन बसविली कीं आंकडे दिसूं लागतात. मापक स्वतः इंजिनाचें कांहीं मोजीत नाहीं. इंजिनांतील संवेदक गाडीच्या संगणकास क्षणोक्षणीं जी खबर देतात, तीच तें मागून घेतें. तलाठ्याच्या दप्तरांतून आपण उतारा काढतों, तसाच हा प्रकार. आणि उताऱ्याप्रमाणें हाही दप्तराइतकाच खरा. नळी फुटून पाणी वाहून गेलें, तर संवेदक कोरडा पडतो व इंजिन जळत असतां आंकडा खालींच राहूं शकतो. म्हणून सकाळीं, इंजिन थंड असतां, टाकींतील पाण्याची पातळी पाहणें सुटत नाहीं.

प्रथम आठ दिवस आपल्या गाडीचे आंकडे वहींत लिहावे. रिकामी, भरलेली, सपाटीवर, चढावर. बहुतेक गाड्या ८५ ते १०० अंशांच्या दरम्यान चालतात. मे महिन्यांत रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढतांना आंकडा कांहीं अंश वाढेल, त्यांत भय नाहीं. दाबाच्या झांकणामुळें पाणी १०० अंशांवर उकळत नाहीं. परंतु तो न थांबतां चढत राहून ११० कडे जाऊं लागला, तर वातानुकूलन बंद करून खालचा गिअर घ्यावा. तरीही उतरला नाहीं, तर गाडी कडेला घ्यावी. झांकण गरम असतां कदापि उघडूं नये. उकळत्या पाण्याचा फवारा तोंडावर येतो. उलट, अर्धा तास चालूनही आंकडा ८० पर्यंत पोंचला नाहीं, तर थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचा संशय धरावा. त्यानें डिझेल जास्त जळतें.

दुसरा आंकडा बॅटरीच्या व्होल्टचा. इंजिन चालू असतां तो साधारण १३.५ ते १४.५ असावा. नव्या कांहीं गाड्यांत तो मुद्दाम कमीजास्त केला जातो, हें ध्यानांत ठेवावें. एकाएकीं १२ कडे आला, तर पट्टा पहावा. कित्येक इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंप फिरवितो, आणि मग तापही मागोमाग चढतो.

इंजिनाचा दिवा लागल्यास मापक दोषांक दाखवितें; जसें पी ०२१७ म्हणजे इंजिन अतितप्त. तो लिहून घेतल्यावांचून पुसूं नये, व मिस्त्रीसही पुसूं देऊं नये. दोषांक पुसल्यानें दिवा विझतो, दोष जात नाहीं.

या सॉकेटांत वीज सदैव असते. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल, तर पिन काढून ठेवावी. तार पायाखालीं, क्लच-ब्रेकच्या आड येणार नाहीं अशी बांधावी. ट्रॅक्टरासाठीं मात्र हें मापक घेऊं नये; जुन्या ट्रॅक्टरांत संगणक नसतो, व नव्यांचें सॉकेट बहुधा निराळें असतें.